दोनशे वार

सड्यावर, जिथे करवंदही अंग चोरून उगवतं,
रिसॉर्टवाल्यांनी अकरा हिरव्या चटया अंथरल्यात.
आठवीचा काथ्या वर आलाय. ती माझी.
समोर चिऱ्यांवर चुन्याने आकडे:
पन्नास वार, शंभर, दीडशे,
आणि पार कड्यापाशी, पुसट, दोनशे.
त्यापुढे समुद्र. त्याला आकडा नाही.

मी दुय्यम निबंधक. वेंगुर्ल्यात चार वर्षं झाली.
दिवसभर लोकांच्या जमिनी माझ्या टेबलावरून जातात,
इतके गुंठे, इतके आर,
पूर्वेस ओहोळ, पश्चिमेस मयताची काजूबाग.
मी अंगठे घेते, शिक्का मारते.
शिक्क्याला हात वीतभरही उचलावा लागत नाही.
म्हणून मंगळवारी, शुक्रवारी, कचेरी सुटल्यावर
ऐंशी रुपयांत पन्नास चेंडू.

वार म्हणजे गज, वार म्हणजे घाव,
वार म्हणजे आज कोण वार आहे तो.
एका शब्दात तिघे,
सातबाऱ्यावरच्या सहहिस्सेदारांसारखे
एकमेकांशी न बोलता.

पहिले वीस वायाच जातात.
एक उजवीकडे, तारेबाहेर, म्हशीजवळ.
एक नुसता सरपटत, मध्ये ओळखीचं कुणी भेटल्यासारखा थांबतो.
एकाला मी लागतच नाही,
दांडा हवेतून शीळ घालत परत येतो
आणि चेंडू माझ्याकडे बघत बसतो.

चेंडू वेचायला उभादांड्याचा इनास.
डोक्यावर मोटरसायकलचं हेल्मेट, हातात रंगाची रिकामी बादली.
खेळातलं त्याला काही कळत नाही, त्याचा बाप खाडीत पाग टाकायचा.
"बाई, हातान मारू नकात. हात नुसते सोबतीक.
पाग फेकतत तसा, कंबरेन. मगे तो आपणच उघाडता."
आणि मूठ?
"जिती बोय धरतत तशी.
घट्ट धरल्यात तर सटाकतली, सैल धरल्यात तर पळतली."
वर सल्ला, की सकाळी येवा, मतलय असता,
पाठसून ढकलून नेता.
मी म्हटलं, उसनं नको.
संध्याकाळचा खारा वारा समोरून येतो, दस्त नाकारावा तसा
चेंडू परत करतो.

मे महिन्यात एकशे ऐंशीच्या आसपास
टिटवीने उघड्या कातळावर अंडी घातली. चार.
इनासने भोवती चिऱ्याचे तुकडे लावले,
चतुःसीमा म्हणतात ती, मोजणी फीशिवाय.
लांबून तीही चेंडूच, मळलेले.
टिटवी प्रत्येक फटक्याला हरकत घ्यायची.
मी म्हटलं, माझा कुठे तिथवर जातोय.
तो हेल्मेटची काच वर करून म्हणाला,
"जावचो नाय म्हणान मारल्यात, तोच जाता."

शुक्रवारी, सदतिसावा.
मी कसला तरी विचार करत होते,
बहुधा गॅस संपल्याचा.
कंबर आधी गेली, हात मागून आले,
हाताला काही लागलंच नाही,
फक्त आवाज, ओल्या नारळावर कोयता बसावा तसा.
मी ओरडले. आनंदाने नव्हे.
वाऱ्यात घुसून तो वर चढत राहिला,
दीडशे, त्या लाल गोलावरून,
टिटवी उडाली, खालून शिव्या देत वर आली,
पुसट आकड्यापाशी कातळावर एकदा आपटला
आणि कड्यावरून दिसेनासा झाला.

इनास पाठमोरा, बादलीवर वाकलेला.
त्याने पाहिलं नाही.
उरलेले तेरा मी छोट्या काठीने मारले, पन्नास वारांच्या आत,
निजलेल्या घरात भांडी लावावीत तसे.
टिटवी फेऱ्या मारून मारून खाली उतरली,
पाय दुमडून बसली.

अंधार पडताना त्याने चेंडू मोजले.
चटयांवर मी एकटीच होते, हिशोब सोपा.
"एक कमी आसा, बाई."
चेंडू हरवला की दहा रुपये, असं फलकावर लिहिलंय.
मी दहाची नोट दिली.
आयुष्यात पहिल्यांदा
पावती मागितली नाही.